टाकाऊ फुटीतून टिकाऊ रोप : टोमॅटोच्या बगलफुटींचा अभ्यास

श्रावण महिन्यात नाशिक जिल्ह्याच्या निफाड-दिंडोरी भागातून फेरफटका मारला, तर टोमॅटोच्या शेतांच्या बांधांवर हिरव्या कोवळ्या फुटींचे लहान लहान ढीग पडलेले दिसतात. तारेवर व बांबूवर चढविलेल्या झाडांच्या खालच्या भागातून काढून टाकलेल्या या बगलफुटी होत. दोन दिवसांत त्या सुकतात आणि शेणखताच्या खड्ड्यात जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे काम योग्यच आहे. कारण खोडाशी दाटी झाली की हवा खेळत नाही, पाने ओली राहतात आणि करप्याला आमंत्रण मिळते. परंतु या ढिगातील प्रत्येक निरोगी फूट म्हणजे मुळे फुटण्याची वाट पाहणारे एक पूर्ण रोप आहे, ही गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही.

गावोगावच्या परसबागा, शाळांच्या आवारातील भाजीचे वाफे, महिला बचत गटांच्या लहान रोपवाटिका यांना या फुटींचा उपयोग कसा होईल, त्यामागील शास्त्र काय आणि त्यात धोका कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. धोक्याचा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे. कारण रोप तयार करणे सोपे आहे. योग्य झाडापासून रोप तयार करणे हेच खरे काम आहे.

मुळात जमिनीवर पसरणारे झाड

टोमॅटो हे मूळचे आपल्याकडील पीक नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील अँडीज पर्वतराजी ही त्याच्या रानटी भाईबंदांची जन्मभूमी. मेक्सिकोत त्याची लागवड रुजली, सोळाव्या शतकात ते युरोपात गेले आणि पोर्तुगीजांच्या मार्फत भारतात आले, असे मानले जाते. विदर्भात आजही कित्येक घरांत त्याला ‘भेदरे’ म्हणतात. परक्या मुलखातून आलेल्या या फळाने आपल्या आमटी-भाजीत असे स्थान मिळविले आहे की, जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात त्याचा भाव किलोला शंभर रुपयांच्याही वर गेला, तेव्हा घरोघरी त्याचीच चर्चा होती.

या झाडाला तार-काठीचा आधार माणसाने दिला. मुळात ते जमिनीवर लोळत, पसरत वाढते. खोडाचा जो भाग ओल्या मातीला टेकतो तेथून त्याला नवी मुळे फुटतात आणि तो भाग जणू नवे झाड होऊन पुढे सरकतो. एखाद्या जुन्या झाडाचे खोड जमिनीलगत नीट न्याहाळले, तर सालीवर बारीक फोडांसारखे उंचवटे दिसतात. ते रोगाचे लक्षण नसून मुळांचे अंकुर असतात. ओलावा आणि अंधार मिळताच ते वाढू लागतात. खोडातून निघणाऱ्या अशा मुळांना वनस्पतिशास्त्रात ‘आगंतुक मुळे’ म्हणतात. टोमॅटोची फूट सहज मूळ धरते, याचे कारण या जुन्या सवयीत आहे.

बगलफूट म्हणजे काय?

टोमॅटोच्या पानाचा देठ जेथे खोडाला मिळतो, त्या बेचक्यात एक डोळा असतो. मुख्य शेंडा जोमात असेपर्यंत तो बहुधा दबून राहतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खोडातून खाली वाहत असते आणि बेचक्यातील डोळ्यांना आवर घालत असते. झाड मोठे झाले, शेंडा दूर गेला किंवा खुडला गेला, की हा आवर सैल होतो आणि डोळा फुटतो. हीच बगलफूट. हिला स्वतःचे शेंडा, पाने आणि कालांतराने फुले असतात. एका मुळाचीच काय ती उणीव असते.

ती उणीव भरून काढण्याचे कामही ऑक्सिनच करते. फूट कापली तरी तिच्या शेंड्यातून ऑक्सिन खाली वाहतच राहते; पण पुढे वाट नसल्याने ते कापाच्या जागी साठते आणि तेथील पेशींना मुळे तयार करण्याची चालना देते. म्हणून टोमॅटोच्या फुटीला बाजारातील मूळ फुटण्याच्या भुकटीची गरज पडत नाही. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये ओटच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग करून या वाढद्रव्याचे अस्तित्व सिद्ध केले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची तोडलेली टोके केवळ पोषक द्रवात सतत वाढवून दाखविली. झाडाचा तुटलेला भाग योग्य पोषण मिळाले तर स्वतंत्रपणे जगू शकतो, या विचाराला त्या प्रयोगाने मोठे बळ मिळाले. आज प्रयोगशाळांतून केळीची लक्षावधी रोपे तयार होतात, त्यामागेही हाच विचार आहे.

बियाणे आणि फूट यांतील भेद

बियाण्यापासून येणारे रोप हे अपत्य असते. फुटीपासून येणारे रोप हे तेच झाड असते. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे.

टोमॅटोच्या सरळ वाणाचे बी घरी धरले तर पुढील पीक बहुतांशी तसेच येते, कारण टोमॅटोत प्रामुख्याने स्वपरागीकरण होते. संकरित वाणाचे तसे नाही. दोन भिन्न वाणांच्या संकरातून मिळालेल्या पहिल्या पिढीत जो एकसारखेपणा व जोम असतो, तो तिच्या फळांतील बी पेरल्यास विखुरतो. कोणते झाड उंच, कोणते ठेंगणे. कोणाचे फळ टणक, कोणाचे मऊ. रोगप्रतिकारक गुणही काही झाडांत उतरतो, काहींत उतरत नाही. म्हणूनच संकरित बियाणे दर हंगामाला नव्याने विकत घ्यावे लागते. बगलफुटीत मात्र ही विखुरणी होत नाही. मातृझाडाचे सर्व गुण रोपात जसेच्या तसे येतात.

दुसरा लाभ वेळेचा. बियाण्याचे रोप वाफ्यात साधारण २५ ते ३० दिवस राहते व त्यानंतर लागवडीस येते. बगलफूट मात्र वयात आलेल्या झाडाचाच भाग असल्याने दोन-तीन आठवड्यांत लागवडीयोग्य होते आणि तिला फुलेही लवकर लागतात.

रोप तयार करण्याची रीत

मातृझाड सतत वाढणाऱ्या, म्हणजे उंच जाणाऱ्या वाणाचे असावे. ठेंगण्या, झुडूपवजा वाणांत फुटींच्या टोकाला लवकरच फुलांचा घोस येऊन वाढ थांबते. शिवाय त्या फुटींवरच झाडाचे पुष्कळसे उत्पन्न अवलंबून असते, म्हणून त्या काढणे हिताचे नाही.

फूट १० ते १५ सेंटिमीटर लांबीची घ्यावी. याहून लहान फूट लवकर सुकते, तर फार मोठी फूट पानांचा भार सोसू शकत नाही. आदल्या दिवशी झाडाला पाणी देऊन सकाळी, पाने टवटवीत असताना, फूट बाजूला वाकवून बोटांनी मोडावी. कात्री वा ब्लेड वापरल्यास प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसून घ्यावे. खालच्या अर्ध्या भागातील पाने काढावीत. कळ्या व फुले असल्यास तीही खुडावीत. वरची दोन-तीन पाने पुरेशी होतात.

पोयट्याची माती, धुतलेली वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून लहान पिशव्या भराव्यात. एप्रिल-मे महिन्यांत हे मिश्रण ओले करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात ठेवल्यास मातीतील पुष्कळशा रोगजंतूंचा व तणांच्या बियांचा नाश होतो. पिशवीच्या तळाला भोके असावीत. बोटाने वा काडीने खड्डा करून फूट ४ ते ५ सेंटिमीटर खोल लावावी, माती हलकेच दाबावी व पाणी द्यावे.

पहिले आठ दिवस कसोटीचे असतात. मुळे नसल्याने फुटीला पाणी ओढून घेता येत नाही आणि पानांतून मात्र ते उडत असते. म्हणून पिशव्या झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत ठेवून दिवसातून दोनदा पानांवर बारीक फवारा द्यावा. पहिल्या एक-दोन दिवशी फुटी माना टाकतात. त्याने घाबरून भरमसाट पाणी ओतू नये, अन्यथा बुडखा कुजतो. साधारण ७ ते १० दिवसांत मुळे फुटतात. शेंड्यावर नवे पान हलू लागले की मूळ धरले असे समजावे. त्यानंतर हळूहळू ऊन दाखवावे आणि १५ ते २० दिवसांनी रोप कायम जागी, खोडाचा काही भाग मातीत जाईल असे खोल लावावे. त्या भागातूनही आणखी मुळे फुटतात.

पाण्याच्या पेल्यातही फुटीला मुळे येतात. पाणी एक-दोन दिवसांआड बदलावे आणि पेल्याला बाहेरून कागद गुंडाळावा, म्हणजे शेवाळ धरत नाही. मात्र पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात. ती दोन-तीन सेंटिमीटर झाली की फूट मातीत लावावी.

हिशेब सोपा आहे. परसबागेत २० निरोगी झाडे असून प्रत्येकापासून तीन फुटी घेतल्या, तर ६० होतात. त्यातील पाचव्या हिश्श्याची मर धरली तरी ४८ रोपे हाती उरतात. ९० बाय ४५ सेंटिमीटर अंतरावर त्यांना सुमारे १९ चौरस मीटर जागा पुरते. पहिल्या वाफ्याचा बहर ओसरू लागेल तेव्हा हा दुसरा वाफा फळावर येईल, अशी योजना करता येते.

सर्वांत जास्त फुटी देणारे झाड

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेची परसबाग पाहण्याचा योग आला. शिक्षक उत्साही होते, मुलांनी मनापासून कष्ट घेतले होते. बगलफुटींपासून केलेली चाळीसेक रोपे ओळीने लावलेली होती. पण दीड महिना होऊनही ती वीतभरच राहिली होती. पाने वर वळलेली, कडा पिवळ्या, फूल क्वचित, फळ नाही. खताची कमतरता असावी अशा समजुतीने खत दिले गेले होते. चौकशी करता कळले की, सर्व फुटी दोन-तीन झाडांवरूनच घेतल्या होत्या. ‘त्याच झाडांना सर्वांत जास्त फुटी होत्या, म्हणून ती निवडली,’ असे एका मुलाने सांगितले. त्याचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण नेमके तेथेच पाऊल चुकले होते.

पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ या विषाणुरोगात झाडाची उंची खुंटते आणि बेचक्या-बेचक्यांतून बारीक फुटींचा झुपका येतो. म्हणजे ज्या झाडावर फुटींची सर्वाधिक गर्दी, तेच झाड रोगट असण्याचा संभव अधिक. विषाणू झाडाच्या सर्वांगात भिनलेला असतो. बियाण्यातून बहुतेक विषाणू उतरत नाहीत किंवा अल्प प्रमाणात उतरतात. फुटीतून मात्र ते खात्रीने उतरतात. फूट म्हणजे तेच झाड, हा नियम गुणांना लागू आहे तसाच रोगांनाही लागू आहे.

या गोष्टीचे गांभीर्य एका परसबागेपुरते नाही. २०२० च्या उन्हाळ्यात राज्याच्या काही जिल्ह्यांत टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता त्यांवर पिवळे-लाल पट्टे उमटले आणि हाती आलेले पीक टाकून देण्याची पाळी अनेक शेतकऱ्यांवर आली. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ असे नाव दिले. तपासलेल्या नमुन्यांत प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. अशा वेळी शाळेच्या कुंपणाआड जपलेली रोगट रोपे शेजारच्या शेताला रोगाचे आगर ठरू शकतात. परसबाग ही गावच्या शेतीपासून अलग नसते.

मातृझाडाची परीक्षा

यास्तव फूट घेण्यापूर्वी पुढील दक्षता घ्यावी.

पहिली : फळे धरलेल्या झाडाचीच निवड करावी. पाने सपाट, एकसारखी हिरवी, शेंडा सरळ आणि निदान एका घोसातील फळे सारखी रंगलेली असावीत. आक्रसलेली, चट्टेदार, काळपट शेंड्याची किंवा झुपकेदार झाडे वगळावीत. ती उपटून जाळावीत वा खोल पुरावीत.

दुसरी : फुटींना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखू व बिडीतील पानांत तंबाखू मोझॅक विषाणू जिवंत राहू शकतो आणि तो बोटांवाटे टोमॅटोत जातो. तंबाखू मळलेल्या हाताने फूट मोडणे म्हणजे रोगाची लागण आपल्या हाताने करणे होय.

तिसरी : कोकण व गोव्यासारख्या उष्ण, दमट व आम्लधर्मी जमिनीच्या प्रदेशात जिवाणूजन्य मर रोग आढळतो. तेथे शंकास्पद झाडाच्या खोडाचा जमिनीलगतचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली, तर झाड रोगग्रस्त समजावे व त्याच्या फुटी घेऊ नयेत. ही परीक्षा कोणालाही करता येते.

चौथी : फुटींची रोपे बारीक जाळीच्या आत वाढवावीत, म्हणजे पांढरी माशी व मावा यांना अटकाव होतो. रोपांतही एखादे आक्रसलेले दिसताच ते विनासंकोच काढून टाकावे.

पाचवी : फुटीपासून फूट, त्यापासून पुन्हा फूट, अशी साखळी वर्षानुवर्षे चालवू नये. दर फेरीत रोगाची भर पडण्याचा संभव असतो. एक-दोन फेऱ्यांनंतर शुद्ध बियाण्याकडे वळावे.

मर्यादा व कायद्याची बाजू

एकरी हजारो रोपे लागणाऱ्या व्यापारी लागवडीला ही पद्धत बियाण्याच्या रोपवाटिकेचा पर्याय होऊ शकत नाही. तेथे एकाच वेळी, एकाच वयाची, रोगमुक्त रोपे हवी असतात आणि फुटी तर हळूहळू मिळतात. घरची गरज, शाळेचा वाफा, उत्तम गुणांचे एखादे झाड टिकविणे आणि लागवडीचा हंगाम पुढे लांबविणे, एवढेच हिचे क्षेत्र आहे; पण तेवढ्यात ती पूर्ण उपयुक्त आहे.

पंचायत सदस्यांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखून ठेवण्याचा, वापरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रेसह विकता येत नाही. बचत गटाला अशा वाणाच्या फुटींची रोपे विक्रीस काढावयाची असतील, तर आधी कृषी विभागाचा सल्ला घ्यावा.

शिक्षकांसाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग शेंड्याच्या वर्चस्वाचा. सारख्या वाढीची दोन झाडे निवडून एकाचा शेंडा खुडावा, दुसऱ्याचा राखावा. पंधरा दिवस दर तिसऱ्या दिवशी दोन्ही झाडांवरील बगलफुटी मुलांनी मोजून तक्त्यात नोंदवाव्यात. फरक त्यांना आपोआप दिसेल.

दुसरा प्रयोग अनुवंशाचा. एका संकरित झाडाच्या फुटींची पाच रोपे आणि त्याच झाडाच्या फळातील बियांची पाच रोपे शेजारी-शेजारी लावावीत. फुटींची रोपे मातृझाडाचे गुण दाखवितील. बियांच्या रोपांत पाने, उंची वा फळे यांत वेगळेपण दिसू लागेल. पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण या दहा झाडांतून उलगडते, आणि प्रयोग संपल्यावर फळे शालेय पोषण आहाराच्या भाजीत जातात.

वर उल्लेखिलेल्या शाळेने पुढील हंगामात हे काम पुन्हा हाती घेतले. रोगट रोपे उपटून जाळली, एका शेतकऱ्याच्या बांधावरून केवळ फळधारणा झालेल्या, तपासून घेतलेल्या झाडांच्या फुटी आणल्या आणि त्या जुन्या मच्छरदाणीखाली वाढविल्या. या वेळी रोपे कमी झाली. पण माघ महिन्यात त्यांच्यावर फळांचे घोस लटकले होते. ‘जास्त फुटी’ म्हणून गतवर्षी झाड निवडणारा तोच मुलगा आता प्रत्येक झाडाचे पान उलटून पांढरी माशी शोधत होता.

बांधावरचा हिरवा ढीग फुकट मिळतो, ही गोष्ट खरी आहे. पण फुकट मिळालेल्या वस्तूचीही पारख करावी लागते. ती पारख गावातील शेतकरी, शिक्षक व विद्यार्थी यांच्या अंगी बाणली, तर टाकून दिलेली एक फूट घरच्या ताटात भाजी आणील आणि शेजाऱ्याच्या शेताला उपद्रवही देणार नाही.